इस्सातच्या वजनाची गाडी

इस्सात गाडीवर बसला की गाडी आधी कण्हायची, मग दोन बोटं खाली बसायची, आणि मगच निघायची. राव्दना बसली तर गाडीला तिची चाहूलही लागायची नाही.

यात गाडीचा काही दोष नव्हता. इस्सात दारातून आत यायचा तो खांदा तिरका करून, एवढा आडवा माणूस. आणि राव्दना म्हणजे काठीवर वाळत घातलेला मासा. लग्नाच्या दिवशी सासूने म्हणे तिच्या मागे डोकावून पाहिलं होतं, नवरी मागून येतेय का म्हणून. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या पठारावर, रेनडिअर पाळणाऱ्या आम्हा सामी लोकांत बारीक बाईला तोंडावर कुणी काही बोलत नाही, जेवायला बसल्यावर चरबीचा मोठा तुकडा तेवढा तिच्या ताटात पडतो. राव्दनाच्या ताटात तो जन्मभर पडला, आणि जन्मभर तिने तो इस्सातच्या ताटात सरकवला. आता यात कोण जाड होणार आणि कोण वाळणार, हे सांगायला नको.

बर्फावरची ती गाडी इस्सातने जुनीच घेतली होती. दक्षिणेकडच्या एका लाकूडतोड्याने हाडं खिळखिळी होईतो वापरून विकायला काढलेली. हँडल डावीकडे वळवावं तर पुढच्या दोन्ही स्की थोडा वेळ विचार करायच्या, आणि मग त्यांना हवं तिकडे जायच्या. खड्डा आला की मागचा भाग घोड्यासारखा लाथ मारायचा. एक सबंध काळोखा हिवाळा इस्सात शेडमध्ये तिच्याशी झटत बसला. झिजलेले बुश काढून नवे घातले, शॉकअप बदलले, मागे जाड स्प्रिंग बसवली. त्याला तिच्यामागे स्लेज जोडायची होती, आणि स्लेजवर तंबू, लाकूडफाटा, खाद्याची पोती, वाटेत पाय मोडून पडलेलं एखादं जनावर, असा सगळा संसार घालायचा होता. राव्दना तिथेच शेगडीजवळ बसून बुटांना गुंडाळायच्या पट्ट्या विणायची. दोघं फारसं बोलायची नाहीत. पाना खाली पडला तर ती उचलून द्यायची, तिची लोकर घरंगळली तर तो पायाने अडवायचा.

स्प्रिंग आवळणारी एक चकती असते, शॉकअपच्या आट्यांवर फिरणारी. ती मनासारखी बसली तेव्हा इस्सातने राव्दनाकडून एक लाल दोरा मागून घेतला आणि चकतीला लागून आट्यांवर घट्ट बांधला.

"हे काय, गाडीला नजर लागू नये म्हणून?" राव्दना म्हणाली.

"ही खूण. माझं आणि सामानाचं वजन इथे बसतं. कुणी चकती हलवली तर मला कळेल."

"आणि माझं वजन?"

"तुझं वजन असतं का?" इस्सात म्हणाला. "तुझी नुसती कटकट असते, ती मी धरलेली नाही."

मागच्या शरदात, कळपातून ज्याची त्याची जनावरं निवडणं चालू असताना, कॉफीचा पेला हातात घेऊन इस्सात कुंपणाजवळ स्लेजवर टेकला तो टेकलाच. पेला सांडलासुद्धा नाही. येणारे-जाणारे त्याच्याशी बोलून पुढे गेले. उत्तर नाही आलं तरी कुणाला नवल वाटलं नाही, कारण तो तसा कमी बोलणारा. राव्दना त्याला चरबीचा तुकडा द्यायला आली, तेव्हा कळलं.

हिवाळा गेला. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. राव्दना तिच्या बाजूने जायची, पण ताडपत्री उचलायची नाही.

मग वसंताचा पहिला उजेड पडला, गाभण माद्या उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या, आणि निघायची भाषा सुरू झाली. दरवर्षी नदीचा बर्फ फुटायच्या आत कळप पलीकडे न्यावा लागतो. पिल्लं तिकडेच जन्मली पाहिजेत. सीदा म्हणजे एकत्र कळप राखणारी घरं, आणि त्या घरांत इस्सातचं घर कायम पुढे असायचं. इस्सात गाडी चालवायचा. गाडीच्या मागे लांब दोरीला बांधलेला गब्बा, पांढराशुभ्र, खच्ची केलेला नर, कळपाचा मोहरक्या, गळ्यात घंटा. आणि इस्सातच्या पाठीला पाठ लावून, मागे तोंड करून राव्दना बसायची. गब्बाला तिने हातावर शेवाळ चारून वाढवलेला. ती हाक द्यायची, गब्बा चालायचा. गब्बा चालायचा म्हणून कळप चालायचा. एवढ्या वर्षांत इस्सातने पुढची वाट पाहिली आणि राव्दनाने मागची. नदी कशी दिसते ते तिला विचाराल तर ती ओलांडून झाल्यावर कशी दिसते तेच ती सांगेल.

लेमेत तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा त्याचं नाक ती पुसायची, त्यामुळे आता दाढी पिकली तरी त्याला अरेतुरेच होतं. तो एका सकाळी कॉफीला आला. कॉफीत चीजचे तुकडे टाकले, ते मऊ होईपर्यंत ढवळत बसला, आणि मग म्हणाला, "वहिनी, यंदा पुढे मी जातो. गब्बा माझ्याकडे दे. तू गावात राहा. घर आहे, चूल आहे, टीव्ही आहे."

"टीव्हीवर रेनडिअर दिसतात का?"

"दिसतात की. मधूनमधून दाखवतात."

"ते कुणाचे असतात?"

लेमेतने पेला फिरवला. "तुझे तुझेच राहतील. त्यांच्या कानावरची तुझी खूण कोण पुसणार आहे? मी बघीन त्यांच्याकडे."

तो मनापासून बोलत होता, आणि हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. राव्दनाला ठाऊक होतं, पहिल्या वर्षी बाई गावात राहते ती दमली म्हणून. दुसऱ्या वर्षी तिला कुणी विचारत नाही. तिसऱ्या वर्षी तिची जनावरं कुठल्या डोंगरावर आहेत हे ती दुसऱ्याला विचारते. दुकानापुढच्या बाकावर अशा बायका बसलेल्या असतात. त्यांच्या हातात विणकाम असतं आणि मान उत्तरेकडे वळलेली असते. तिची स्वतःची मावशी त्या बाकावर म्हातारी झाली होती.

"पुढे मी जाईन," राव्दना म्हणाली. "गब्बा माझा आहे आणि गाडीही आहे."

"ती गाडी तुला उडवून लावील, वहिनी."

"मग पडेन. बर्फावर तर पडायचंय."

लेमेत उठला, टोपी घातली, दारात थांबला. "म्हातारीच्या गालावरून गब्बाला घेऊन ये. वरच्या खडकापाशी वळून परत. तेवढं केलंस तर मी मागे चालेन, शब्द देतो. नाही जमलं तर पुन्हा हा विषय नको."

म्हातारीचा गाल म्हणजे नदीकडे जाणारी तिरकी उतरण. तिच्यावरून आडवं जावं लागतं आणि खडकापाशी वळावं लागतं. जो वळत नाही तो सरळ ओढ्याच्या घळीत जातो, आणि तिथला बर्फ आतून पोकळ असतो. कळप न्यायची वाटही तीच. लेमेतने अवघड परीक्षा शोधून काढली नव्हती, जे करायचंच होतं तेच मागितलं होतं.

राव्दनाने ताडपत्री काढली. गाडी सुरू झाली, तिला बरं वाटलं. शेडच्या बाहेर पडेपर्यंतच. पहिल्या उंचवट्यावर मागच्या जाड स्प्रिंगने तिला असं वर फेकलं की सीट आणि ती यांच्यातून ससा निघून गेला असता. हँडल वळवलं तर गाडी नाकासमोर जात राहिली, एखाद्या सज्जन माणसासारखी. ती दमून बेस्काकडे गेली.

बेस्का गावातला जुना मेकॅनिक, इस्सातचा चुलतभाऊ. गुडघे गेलेले, पोट सुटलेलं, जीभ मात्र शाबूत. "बस गाडीवर," तो म्हणाला. ती बसली. "बसलीस?"

"आंधळा झालास काय? बसले ना."

"गाडीला विचार. तिला वाटतंय अजून कुणी आलंच नाही." त्याने काठीने मागची स्प्रिंग दाखवली. "माणूस बसला की गाडी थोडी खाली बसली पाहिजे, तरच तिला खड्ड्यात पाय लांब करता येतो. ही तुझ्याखाली दगडासारखी उभी आहे. चकती सैल कर, स्प्रिंग मऊ होईल. आधी ते, बाकीचं मग."

राव्दनाने वाकून पाहिलं. चकतीला चिकटून लाल दोरा होता, ग्रीसने काळपट पडलेला.

"चकतीला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"का?"

"नाही लावायचा."

बेस्काने दोरा पाहिला. ओळखला की नाही, देव जाणे. "मग तू जाड हो," तो म्हणाला. "लोणी खा. निघायच्या आत इस्सातएवढी झालीस की ये."

त्याने थट्टा केली, पण राव्दनाच्या डोक्यात ते राहिलं. इस्सातचं वजन हवं ना? वजन ते वजन. माणसाचं असो की पोत्याचं. घरी येऊन तिने खाद्याचं एक भरलेलं पोतं ओढत आणलं आणि सीटच्या मागच्या भागावर, जिथे ती स्वतः पाठमोरी बसायची तिथे, दोरखंडाने बांधलं. मग पुढे इस्सातच्या जागी बसली. गाडी कण्हली. दोन बोटं खाली बसली.

तो आवाज ऐकून राव्दना बराच वेळ इंजिन सुरू न करता तशीच बसून राहिली.

सपाटीवर गाडी छान चालली. लाथ मारेना, उडवेना. दोन दिवस ती गावाभोवती पोतं घेऊन हिंडली. लेमेतची बायको गारेन दारातून ओरडून म्हणाली, "जाऊबाई, पाहुणा कोण बसवलाय मागे? बोलत नाही तो?" राव्दना म्हणाली, "आधीचाही बोलत नव्हता." गारेन हसली, आणि मग तिचं हसू कुठे ठेवावं ते तिला कळेना.

तिसऱ्या सकाळी, बर्फाने वरून कवच धरलेलं असताना, राव्दना गब्बाला बांधून म्हातारीच्या गालावर गेली. लेमेत खाली उभा होता. चढण लागली. आता बघा, पोतं बांधलं होतं मागे, चढाने वजन गेलं आणखी मागे, आणि गाडीचं नाक हळूच वर उठलं. स्की बर्फाला नुसत्या शिवत होत्या, पकडत नव्हत्या. राव्दनाला हे कळलं ते खडकापाशी. तिने हँडल पूर्ण वळवलं. स्की वळल्या, गाडी वळली नाही. ती घसरत सरळ घळीकडे निघाली. दोरीला हिसका बसला, गब्बा गुडघ्यांवर पडला आणि तसाच ओढला गेला, घंटा बर्फावर आपटत राहिली. राव्दनाने गाठीचं टोक खेचलं. आमच्याकडे मोहरक्याची गाठ अशीच मारतात, एका ओढीने सुटणारी. गब्बा सुटला. गाडी घळीच्या अलीकडच्या भुसभुशीत ढिगाऱ्यात नाक खुपसून थांबली. पुढे, एका गाडीच्या अंतरावर, पोकळ बर्फाखालून पाण्याचा आवाज येत होता.

लेमेत धापा टाकत वर आला. आधी तिच्याकडे पाहिलं, मग गब्बाकडे, मग पोत्याकडे. त्याने खिशातून सुरी काढली, दोरखंड कापला, आणि पोतं ढकलून दिलं.

"माझ्या भावाला पोत्यात घालून फिरतेस?" तो म्हणाला.

 लेमेतला आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर ऐकू आलं. त्याने हातमोज्याने तोंड पुसलं. "मी पुढे जातो, वहिनी," तो हळू म्हणाला. "संपलं आता."

दोघांनी मिळून गाडी ओढून काढली. पोतं तिथेच फुटलं होतं. गब्बा मात्र, गुडघे झटकून, त्यातलं सांडलेलं खायला लागला होता. जनावराला दुःखाची लाज नसते.

घरी आल्यावर राव्दनाने गब्बाच्या तोंडावरची मोरकी सोडली. जबड्याखाली कातडी सोललेली होती. तिने चरबी लावली. वासराचं मऊ कातडं आतून शिवावं म्हणून मोरकी मांडीवर घेतली, आणि बोटांना जुना टाका लागला.

ही मोरकी गब्बाची नव्हती. त्याच्या आधीच्या मोहरक्याची होती. तो दांडगा होता, रुंद नाकाडाचा. तो म्हातारा होऊन मेला तेव्हा राव्दनानेच ही मोरकी दोन ठिकाणी कापून, आवळून, लहानग्या गब्बाच्या तोंडाएवढी केली होती. तिची आई सांगायची, मेलेल्याची मोरकी जिवंताच्या तोंडाला तशीच घालू नये. त्यात भुताखेताचं काही नाही. सैल मोरकी घासते, एवढंच. राव्दनाने असे किती पट्टे कापले असतील. त्या आधीच्या मोहरक्यावरही तिचा जीव होता. पण सुरी लावताना हात अडला नव्हता. मोरकी कापली म्हणून तो पुन्हा मेला, असं तिला वाटलं नव्हतं.

तिने टाका पुरा केला. दोरा दाताने तोडला. मग बराच वेळ मोरकी हातात धरून ती शेडच्या बंद दाराकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन बेस्काच्या दारात हजर.

"लोणी खाल्लंस?" बेस्काने विचारलं.

"नाही. पाना दे."

बेस्काने पाना दिला आणि स्वतः लाकडी खोक्यावर कॉफी घेऊन बसला. गुडघ्यांमुळे त्याला वाकता येत नव्हतं, आणि तसंही त्याला दुसऱ्याकडून काम करून घेणं जास्त आवडायचं. राव्दना गाडीखाली आडवी झाली. चकतीला पाना लावला. आणि थांबली.

बेस्का खिडकीतून बाहेर बघू लागला. बाहेर काही नव्हतं.

चकती आधी हलेना. मग कुरकुरली. मग आट्यांवरून मागे सरकू लागली, आणि लाल दोरा जिथे होता तिथेच राहिला. चकती आणि त्याच्यामध्ये एक बोट जागा झाली, मग दोन बोटं. राव्दनाच्या डोळ्यांतून पाणी निघून कानात जात होतं, पाठीवर झोपलेल्या माणसाचं जातं तसं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"आता बस," बेस्का खिडकीकडे बघतच म्हणाला.

ती बसली. गाडी कण्हली नाही. पण खाली बसली, जेमतेम, कुणीतरी बाकावर जरा सरकून जागा करून द्यावी तशी.

"हां," बेस्का म्हणाला. "आता आहे कुणीतरी गाडीवर."

त्यानंतरचं काम कामासारखं झालं. बेस्काचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि एक चक्कर मारून यायचं. दोन एकदम बदलल्या तर गुण कुणाचा आणि खोड कुणाची ते कळत नाही. "नवराबायकोसारखं," तो म्हणाला. त्याने लग्न केलंच नव्हतं.

गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या आत, पुढच्या अंगाला एक जाड वादी असते; गाडीने नाक किती उचलायचं ते ती ठरवते. इस्सातने ती ढिली ठेवली होती, कारण ओझं ओढताना नाक उचललेलं बरं, मागचा पट्टा बर्फ धरतो. राव्दनाने ती आवळली. चक्कर मारून आली ती दंड चोळत.

"वळते, पण हँडल दगडाचं झालंय. आणि एकदम वळते, चावायला आल्यासारखी."

"जास्त आवळलीस. बाई रागावली की असंच करते. अर्धं सैल कर."

"तुला रे काय माहीत बायकांचं?"

"तुझ्यासारख्या येतात ना, पाना मागायला."

वादी अर्धी सैल केली. मग स्कींच्या तळाची पोलादी पाती पाहिली. ती झिजून गुळगुळीत झाली होती, म्हातारीच्या दातांसारखी. नवी बसवली. स्की एकमेकींशी सरळ आहेत का ते बेस्काने सुतळी ताणून तिला पाहायला लावलं. पुढची टोकं किंचित बाहेर हवीत, नाहीतर गाडी दारुड्यासारखी रेंगाळते. पुढच्या दोन स्प्रिंगाही तिच्या बेताने मऊ केल्या. प्रत्येक चकरेनंतर ती येऊन सांगायची, बेस्का खोक्यावरून टोमणा मारायचा, आणि ती पुन्हा आडवी व्हायची.

शेवटी एकच खोड राहिली, आणि ती गाडीची नव्हती. राव्दना सारखी मागे वळून बघायची. मान वळली की खांदा वळायचा, खांदा वळला की हँडल.

"जन्मभर मागे बघितलंय," ती म्हणाली. "गब्बा दिसला नाही तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही."

बेस्काने पेला खाली ठेवला. पहिल्यांदाच तो थट्टेशिवाय बोलला. "घंटा कशाला आहे? मागे कानाने बघ. डोळे पुढे लागतात, राव्दना. पुढे बघणारा आता दुसरा कुणी नाही."

निघायच्या दिवशी सकाळी सगळी घरं तयार होती. स्लेज लादलेल्या, कुत्री बेचैन, कळप उत्तरेकडे तोंड करून उभा. लेमेत गब्बाला न्यायला राव्दनाच्या अंगणात आला, तर खुंटा रिकामा. बर्फावर गाडीचा ताजा माग, आणि त्यात गब्बाची पावलं. तो धावतच उतरणीच्या पायथ्याशी आला.

राव्दना म्हातारीच्या गालावर अर्ध्यावर होती. एक गुडघा सीटवर, एक पाय बाजूच्या फळीवर, सगळं अंग डोंगराच्या बाजूला टाकलेलं. मागून घंटा वाजत होती, एकसारखी, न घाईची न उशिराची. तिला वळून बघावंसं वाटत होतं. मान दुखत होती त्या न बघण्याने. खडक जवळ आला. तिने हँडल वळवलं.

स्कींच्या पात्यांनी बर्फाचं कवच धरलं. करकर असा बारीक आवाज झाला. मागची स्प्रिंग तिच्याखाली दबली, उलगडली, आणि गाडी खडकाला वळसा घालून अशी फिरली की घळ डाव्या हाताला राहिली आणि मागे गेली. घंटा एकदा चुकली. राव्दनाने मान वळवली नाही. मग घंटा पुन्हा सुरू झाली, तशीच.

ती खाली आली तेव्हा लेमेत वाटेतच उभा होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. गब्बाच्या जबड्याखाली हात घालून मोरकी चाचपली. मग वाकून मागच्या शॉकअपकडे पाहिलं. पाहतच राहिला.

"दोरा आहे," तो म्हणाला.

"तो कुठे जाणार?"

"मला वाटलं, तू काढला असशील."

"चकती हलवली. दोऱ्याने काय केलंय?"

लेमेत उठला. टोपी डोळ्यांवर ओढली आणि उगाच दूर कुत्र्यांकडे बघत म्हणाला, "नदीपलीकडच्या चढाला वादी अर्धं बोट सैल कर. नाक फार खाली आहे तुझं." मग तो चालत कळपाच्या मागे गेला, शेपटाकडे, जिथे दमलेल्या माद्यांना सांभाळत यावं लागतं. शब्द दिला होता, तो पाळला.

नदी त्यांनी दुपार व्हायच्या आत ओलांडली. बर्फ अजून धरून होता, मधूनच खोल कुठेतरी गुरगुरत होता. राव्दनाने पहिल्यांदा ती नदी समोरून पाहिली. काठावरचे खुरटे बर्च, त्यांच्यामागची निळसर उतरण, सगळं तिला अनोळखी वाटलं, आणि तरी आपलं. मागे घंटा होती, आणि घंटेच्या मागे हजार खुरांची ती कोरडी खसखस. मध्यावर आल्यावर ती गुणगुणू लागली. आमच्याकडे माणसाचा सूर असतो, ज्याचा त्याचा. तो गेला तरी सूर राहतो. इस्सातचा सूर जड आणि संथ होता, खांदा तिरका करून आत येणारा. त्याच्या चालीवर गब्बा बरोबर चालला.

पिल्लं त्या वर्षी चांगली जगली. उन्हाळा गेला, डास गेले, पठार तांबडं झालं, आणि पहिला टिकणारा बर्फ पडला तेव्हा लेमेत पुन्हा कॉफीला आला. चीज मऊ होईपर्यंत ढवळत बसला.

"वहिनी, कुंपणाचे खांब आणायचे आहेत नदीकडून. माझी गाडी बंद पडलीय. तुझी मिळेल का?"

"गाडी मिळेल. चालवणार मी."

"चालव बाई. मी मागे बसतो."

दोघं शेडमध्ये गेली. स्लेज जोडली. राव्दना पाना घेऊन आडवी झाली आणि चकती फिरवू लागली, उलट बाजूने. स्प्रिंग आवळत गेली. लेमेत वाकून बघत होता.

"कुठपर्यंत?" त्याने विचारलं.

"दोऱ्यापर्यंत. ओझं असलं की दोऱ्यापर्यंत."

चकती दोऱ्याला येऊन टेकली. राव्दनाने बोट फिरवून पाहिलं. मध्ये फट राहिली नव्हती. मग वादी ढिली केली, हात पुसले, आणि पुढे बसली. लेमेत तिच्या पाठीला पाठ लावून, स्लेजकडे तोंड करून बसला. तोही भावासारखाच आडवा.

गाडी आधी कण्हली. मग दोन बोटं खाली बसली.

दोघांनीही ते ऐकलं.  मग राव्दनाने गाडी सुरू केली आणि समोर बघत नदीच्या वाटेला लागली.